समोरच्याचं आधी

झालंचरावांच्या दुकानात बसायला जागा नव्हती. ही तक्रार म्हणून सांगत नाही, नवल म्हणून सांगतो, कारण दुकान सोफे आणि खुर्च्यांच्या दुरुस्तीचं होतं. आत सतरा सोफे होते, नऊ खुर्च्या होत्या, एका दवाखान्यातलं तपासणीचं टेबल होतं. पण कशाचा फोम काढलेला, कशाचे पट्टे तुटलेले, तर कशाच्या स्प्रिंगा उघड्या. कुणी थकलाभागला जीव सवयीने टेकलाच तर किंचाळत उठायचा. त्यामुळे येणारं गिऱ्हाईक उभंच राहायचं, आणि घरून चिडून आलेलं असायचं ते इथे उभं राहून आणखी चिडायचं.

झालंचराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. "आमचं कधी मिळेल?" असं कुणीही विचारलं की ते मान न उचलता म्हणायचे, "झालंच समजा." लोकांनी वर्ष दोन वर्षं समजून पाहिलं, मग कंटाळून तेच नाव ठेवून दिलं. खरं नाव बायकोला ठाऊक होतं, पण रागावली की तीही हेच वापरायची, म्हणजे बहुतेक वेळा हेच.

माणूस लबाड मात्र नव्हता. लबाड असता तर परवडलं असतं, लबाडाला निदान आपण काय करणार नाही आहोत ते पक्कं ठाऊक असतं. झालंचरावांना दर वेळी मनापासून वाटायचं, की हे आज होणार. आणि हात तर असा, की त्यांनी पुरा केलेला सोफा पंधरा वर्षं कुरकुरत नसे. पुरा केलेला, हा त्यातला अवघड शब्द.

त्यांचा धंद्याचा नियम एकच होता आणि तो त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता, कारण तो नियम आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. जो समोर उभा, त्याचं काम हातात. सलूनवाला आला, की सलूनची खुर्ची ढिगातून ओढून पुढे आणायची आणि त्याच्या देखत चार पिना ठोकायच्या. तो समाधानाने गेला, की पुढच्या माणसाचा दिवाण पुढे, सलूनची खुर्ची मागे. दिवाणवाल्याची पाठ वळते न वळते तोच तिसऱ्याचा सोफा. संध्याकाळी सात वाजता शटर ओढताना नऊ जणांचं काम 'चालू' असायचं आणि एकाचंही झालेलं नसायचं. दिवसभर सामान पुढे मागे करून कंबर मात्र खरोखरच दुखायची. एक ना धड भाराभर चिंध्या असं लोक नुसतं म्हणतात, झालंचरावांच्या पायात त्या रोज अडकायच्या.

गिऱ्हाइकं शहाणी असतात. त्यांनी नियम ओळखला आणि जो तो येऊन उभा राहू लागला. सर्वांत पुढे सलूनवाला. त्याच्या दोन खुर्च्या इथे अडकलेल्या आणि तिकडे माणसं पालथ्या बादलीवर बसून दाढी करून घेत होती. तो दिवसाआड यायचा आणि तोंडाचा पट्टा असा सोडायचा की समोरच्या फुटपाथवरचे लोक थांबून ऐकायचे. याउलट वाचनालयातल्या बाई. त्यांची एकच आरामखुर्ची. महिन्यातून एकदा दारात येऊन त्या म्हणायच्या, "घाई नाही हं." त्या दुकानात याहून घातक वाक्य दुसरं नव्हतं. त्यांची खुर्ची अकरा महिने सगळ्यांच्या खाली होती.

हे असंच चालू राहिलं असतं आणि कुणाचं फारसं बिघडलंही नसतं. पण झालंचरावांचे वडील न्हाणीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

दुकान मुळात वडिलांचं. चाळीस वर्षं त्यांनी एका वेळी एकच सोफा उघडला, तो मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावला नाही, आणि मुलगा तयार झाल्यावर हातोडी त्याच्या हाती देऊन ते घरी बसले. बोलणं मोजकं, ओरडणं मुळीच नाही. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी झालंचरावांना बाहेर बोलावून सांगितलं, "हाड जुळेल. पण या वयात माणूस एकदा खाटेला चिकटला की सुटत नाही. दीड महिना हातात आहे. यांना दिवसभर खुर्चीत बसू द्या, स्वतःचं स्वतः उठू द्या. खुर्ची उंच हवी, एकवीस इंच. हात भक्कम, बैठक कडक. खाली बसायचं नाही, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. दीड महिन्यात उठले तर उठले."

"खुर्ची म्हणजे आमचंच काम," झालंचराव म्हणाले. "झालंच समजा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तशी घरात धड खुर्ची नव्हती. होता तो एक सोफा, त्यात माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागायचे. म्हणून झालंचरावांनी दुकानातली एक जुनी हातांची खुर्ची निवडली. पायांना तुकडे जोडून ती उंच करायची, हात पक्के करायचे, पट्टे ताणून बसवायचे, वर कडक फोम आणि कव्हर. "चार तासांचं तर काम," ते बायकोला म्हणाले. बायको दुकानातच शिलाई मशीनवर कव्हरं शिवायची. तिने दुसऱ्या दिवशी दुपारी कव्हर शिवून मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवलंसुद्धा. झालंचरावांनी पहिल्याच दिवशी पाय जोडले, हात ठोकले. उरलं दीड तासाचं. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

कारण वडील काही समोर येऊन उभे राहत नव्हते. ते घरी खाटेवर होते. खाट विटांवर चढवून उंच केलेली, तीवर भिंतीला उशी लावून बसायचे आणि खिडकीतून बाहेर बघायचे. संध्याकाळी झालंचराव घरी गेले की विचारायचे, "आज काम होतं का बरंच?" झालंचराव म्हणायचे, "फार." वडील म्हणायचे, "बरं." एवढंच. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि म्हातारा तर रडायला तयार नाही. झालंचरावांना रोज रात्री वाईट वाटायचं आणि रोज सकाळी दहा वाजता सलूनवाला यायचा.

त्यातून ते काम दीड तासाचं, हाच मोठा घात. मोठं काम असतं तर त्याची धास्ती तरी वाटली असती. दीड तास काय, कधीही काढता येतो. असं म्हणता म्हणता तीन आठवडे गेले.

तिसऱ्या आठवड्यात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, एका कंपनीत कसलासा प्रशिक्षक. लोकांनी कामं कोणत्या क्रमाने करावीत हे तो लोकांना शिकवायचा आणि त्याचे त्याला पैसे मिळायचे, यावर झालंचरावांचा विश्वास बसत नसे. त्याने दुकानात उभं राहूनच, कारण बसणार कुठे, एका पुठ्ठ्यावर चार चौकोन काढले.

"दाजी, कामं दोन प्रकारची. एक तातडीची, एक महत्त्वाची. तुम्ही दिवसभर तातडीची करता. महत्त्वाचं काम ओरडत नाही, ते गुपचूप कोपऱ्यात बसतं. त्याला आपण होऊन वेळ काढून द्यावा लागतो. सकाळी पहिला तास त्याचा."

"बरोबर आहे," झालंचराव म्हणाले. ते खरंच बरोबर होतं, आणि बायकोने मशीन थांबवून कोपऱ्यातल्या उंच खुर्चीकडे बघितलं, तेही त्यांनी पाहिलं.

मेहुण्याने तीन रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या. लाल म्हणजे आज, पिवळी म्हणजे या आठवड्यात, हिरवी म्हणजे सवडीने. झालंचरावांना ही कल्पना इतकी आवडली की चिठ्ठ्या चिकटवण्यात त्यांनी अख्खा दिवस घातला. त्या दिवशी एकही पिन ठोकली गेली नाही, पण दुकान रंगीत दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवाणवाल्याने स्वतःच्या दिवाणावर हिरवी चिठ्ठी पाहिली. "सवडीने म्हणजे? आम्ही काय फुकट करून घेतोय?" त्याला लाल द्यावी लागली. ते बघून पिवळीवाल्याला राग आला. सलूनवाल्याला लाल आधीच मिळाली होती, तर त्याचं म्हणणं असं की सगळ्यांना लाल दिल्यावर आपल्या लालला अर्थ काय उरला, आपल्याला दोन द्या. त्याने दोन खुर्च्यांवर चार लाल चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या. शनिवारपर्यंत दुकानात सगळं लालेलाल होतं आणि झालंचराव पुन्हा समोर कोण उभं आहे ते बघून काम करत होते.

फक्त दोन वस्तूंना लाल चिठ्ठी नव्हती. बाईंच्या आरामखुर्चीवर हिरवी तशीच होती. आणि वडिलांच्या खुर्चीला चिठ्ठीच नव्हती, कारण चिठ्ठी पावती बघून चिकटवायची होती आणि घरच्या खुर्चीची पावती कोण करतो?

मग मेहुण्याने फोनवरून सांगितलं, की यादी करा आणि झालेल्या कामावर रेघ मारा, रेघ मारली की हुरूप येतो. झालंचरावांनी यादी केली. हुरूप यावा म्हणून आधी 'शटर उघडणे' लिहिलं आणि त्यावर रेघ मारली. मग 'चहा' लिहिलं. दुपारपर्यंत सात रेघा झाल्या आणि हुरूप खरंच आला. 'बाबांची खुर्ची' आठव्या ओळीवर होती. आठवी ओळ ते रोज नव्या कागदावर उतरवून घ्यायचे, सुवाच्य अक्षरात.

इकडे घरी व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या वडिलांच्या हातात चार पायांचा वॉकर द्यायच्या आणि म्हणायच्या, "आजोबा, चला."

"कुठे?" वडील विचारायचे.

"असंच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"त्या भिंतीत काय आहे?"

बाई नुसता वॉकर पुढे सरकवायच्या. वडील न्हाणीपर्यंत जायचे आणि परत खाटेवर. आधी उशीला टेकून बसायचे, मग आडवे होऊन बघायला लागले, मग खिडकीकडे बघेनासे झाले. पाचव्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले. त्यांनी वडिलांच्या मांडीवरून हात फिरवला, विटांवरची खाट बघितली आणि झालंचरावांना विचारलं, "खुर्चीचं काय झालं?"

झालंचरावांच्या तोंडून नेहमीचं उत्तर निघालंच नाही.

"पाय वाळायला लागलेत," डॉक्टर म्हणाले. "माझे दिवस मोजून झाले, आता तुम्ही मोजा."

त्या रात्री झालंचराव जेवले नाहीत. उद्या सकाळचा पहिला तास बाबांचा, असं त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं. बायको म्हणाली, "मला कशाला सांगता? मी लाल चिठ्ठी देत नाही." नंतर सासऱ्यांना पाणी द्यायला गेली तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "बाबा, तुम्ही आहात मुकाट. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक होऊन उभे राहाल, तेव्हा होईल तुमची खुर्ची." ती वैतागून बोलली होती. वडिलांनी ग्लास परत दिला आणि विचारलं, "दुकान किती वाजता उघडतो हल्ली?"

सकाळी झालंचरावांनी खरोखरच उंच खुर्ची कोपऱ्यातून काढली. टेबलावर उलटी ठेवली. पट्ट्याचं बंडल हातात घेतलं. दहाला पाच कमी होते. दहा वाजता सलूनवाला आला, आणि आज त्याने एका गिऱ्हाइकालाच पुरावा म्हणून सोबत आणलं होतं, अर्ध्या दाढीनिशी. झालंचरावांनी उंच खुर्ची खाली ठेवली आणि सलूनची वर घेतली. फक्त चार पिना, असं ते मनाशी म्हणाले.

साडेदहाला दारात खट्ट असा आवाज झाला. मग पुन्हा खट्ट. झालंचरावांनी मान वर केली, तर वॉकर धरून वडील उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, मागे बायको, तिच्या चेहऱ्यावर नुसता घाम. घर ते दुकान दोनशे पावलांचं अंतर. खाट ते न्हाणी याखेरीज पाच आठवडे कुठेही न गेलेल्या माणसाला तेवढ्यासाठी चाळीस मिनिटं लागली होती.

"बाबा! तुम्ही कशाला..."

"खुर्ची टाकली आहे करायला," वडील म्हणाले. "पाच आठवडे झाले. नंबर कुठवर आलाय ते बघायला आलो."

झालंचरावांनी आजूबाजूला पाहिलं. सत्तावीस बसायच्या वस्तू, आणि त्यातली एकही बापाला देण्याजोगी नाही. जी त्यातल्या त्यात कमी मोडकी होती ती बुटकी होती, आणि बुटक्यावर बसायला डॉक्टरांची बंदी. शेवटी वडील कामाच्या उंच टेबलाच्या कडेला नुसते रेलले, वॉकर पुढ्यात धरून.

"बसतो म्हणत नाही," ते म्हणाले. "चालू दे तुझं."

आता समोर दोघं झाले. झालंचरावांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. दोन पिना सलूनच्या खुर्चीला मारल्या, मग वळून उंच खुर्चीचा एक पट्टा ताणला, मग पुन्हा सलून. वडील बघत होते.

"दोन पिना मारून हातोडी खाली ठेवायला मी तुला शिकवलं नव्हतं," ते म्हणाले.

"अहो आजोबा, माझं आधी चाललंय," सलूनवाला मोठ्याने म्हणाला. "दोन महिने झाले. लोक बादलीवर बसतात माझ्याकडे."

"खरं आहे तुमचं," वडील म्हणाले. "मी थांबतो."

आणि ते थांबले. झालंचराव पिन शोधायला खाली वाकले तेव्हा त्यांना वडिलांचा पाय दिसला. चपलेतला उजवा पाय थरथरत होता, टाच जमिनीवर टेकत होती आणि उचलली जात होती, आणि वरचा माणूस तोंडावर काही न दाखवता "मी थांबतो" म्हणत होता. झालंचरावांना इतकी लाज वाटली की पिन सापडूनही ते क्षणभर वर उठले नाहीत. हा माणूस पाच आठवडे असाच थांबला होता, आणि आपण रोज त्याचं नाव नव्या कागदावर उतरवत होतो.

ते उठले, सलूनची खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि म्हणाले, "आज नाही व्हायचं तुमचं."

"म्हणजे उद्या?"

"उद्या पण नाही. नक्की कधी ते मला माहीत नाही. परवा विचार करून सांगतो."

एव्हाना मशीनवर बसलेल्या बायकोने मान वर करून पाहिलं, की हे कोण बोललं. सलूनवाल्याने तोंड उघडलं, पट्टा सोडला, आणि चांगला पाच मिनिटं सोडला. झालंचराव ऐकत होते आणि पट्टे ताणत होते. आभाळ कोसळेल असं त्यांना वाटलं होतं, पण काही कोसळलं नाही. बोलून बोलून सलूनवाल्याचा घसा बसला. मग त्याने म्हाताऱ्याच्या पायाकडे बघितलं, अर्ध्या दाढीवाल्याला सांगितलं, "तू जा पुढे, आलोच मी," आणि बाह्या सारून खुर्चीचा सांगाडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "ताणा आता," तो म्हणाला. "हलतंय मघापासून."

दीड तासाचं काम एक तास दहा मिनिटांत झालं. मध्ये तिघं येऊन उभे राहिले आणि झालंचरावांनी मान वर केली नाही. त्या तिघांना बायकोने सांभाळलं, ते कसं ते विचारू नये. पट्टे बसले, फोम बसला, पाच आठवडे खिळ्याला लटकलेलं कव्हर बायकोने झटकलं, त्यातून बरीच धूळ निघाली, आणि ते चढवलं. वस्तू हातात घेऊन, मध्ये खाली न ठेवता ती संपवणं म्हणजे काय असतं हे झालंचराव विसरूनच गेले होते. शेवटची पिन मारल्यावर ते आणखी एक मारायला गेले, तर जागाच उरली नव्हती.

वडील बसले. हातांवरून तळवे फिरवले. अंगठ्याने बैठक दाबून पाहिली, शिवण पाहिली, वाकता येत नव्हतं म्हणून खुर्चीचे पाय तेवढे पाहायचे राहिले. मग हातांवर जोर देऊन उठायला गेले आणि परत आत बसले. दुसऱ्यांदा उठले ते उभेच राहिले.

"घरी जाऊ," ते म्हणाले.

"मी रिक्षा आणतो."

"आलो तसा जाईन."

घरी जाताना खुर्ची न्यायलाच हवी होती. झालंचरावांनी ती उलटी करून डोक्यावर घेतली. सवयीचं ओझं, पण ही खुर्ची उंच, पाठही मोठी, ती कपाळावरून पार नाकापर्यंत उतरली. डावीकडचं दिसेना, उजवीकडचं दिसेना. दिसत होत्या फक्त पुढे चालणाऱ्या वडिलांच्या टाचा आणि वॉकरचे मागचे दोन पाय. गल्लीत आवाज यायला लागले. झालंचराव, आमच्या दिवाणाचं? झालंचराव, सोमवारी म्हणाला होतात ना? कोण बोलतंय ते कळायला मार्ग नव्हता.

"दुकानात माणसं उभी आहेत तुझ्या," पुढून वडील म्हणाले.

"असू दे."

"दिवसाढवळ्या दुकान सोडून निघालास. मी असं कधी केलं नाही."

"बाबा, पाय बघून टाका. पुढे पायरी आहे."

वाटेत वडील तीनदा दमले. तिन्ही वेळा झालंचरावांनी खुर्ची भर रस्त्यात मांडली, वडील तीत बसले, बाजूने सायकली वळसा घालून गेल्या. पहिल्या दोन्ही वेळा उठताना सोबत निघालेल्या बायकोने आणि त्यांनी दोन्ही दंडांना धरलं. तिसऱ्यांदा झालंचराव पुन्हा हात पुढे करून वाकले, तेव्हा वडिलांनी तो हात मनगटाला धरून हळूच बाजूला सारला.

"हात कशाला?" ते म्हणाले. "खुर्ची केलीस ना."

आणि ते उठले.